सोनगीरच्या नानांचा दरवाजा

गाडीचा दरवाजा खरोखर नवा बसवलाय की जुनाच ठोकून सरळ केलाय, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. दरवाजा उघडा आणि बिजागरीच्या बोल्टकडे बघा. कारखान्यातून आलेल्या गाडीत बोल्टवर आणि त्याच्या भोवतीच्या पत्र्यावर एकसंध रंग असतो. पान्याने तो बोल्ट एकदा जरी फिरवला, तरी कडांवरचा रंग उडतो. बोल्टला हातच लागलेला नसेल, तर दरवाजा बदललेला नाही. बिलावर काहीही लिहिलेलं असो.

ही खूण मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होती. पण निवृत्त होईपर्यंत एकाही बाहेरच्या माणसाला मी ती सांगितली नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

माझं काम गाड्यांच्या वर्कशॉपमधलं. आधी काही वर्षं जळगावला, नंतर शेवटपर्यंत धुळ्याला. अपघात झालेली गाडी आली, की तिच्याभोवती फिरून काय मोडलंय, काय बदलावं लागेल आणि खर्च किती येईल, ते लिहून काढायचं. त्या कागदाला एस्टिमेट म्हणतात. मी मूळचा भडगावचा. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. ते अंगठा लावत, आई तर तेही करत नसे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. घरात लिहिलेला कागद आला, मग तो विजेचं बिल असो नाहीतर कोणाच्या लग्नाची पत्रिका, की वडील तो देवाच्या फळीवर ठेवत आणि मी शाळेतून आलो की वाचायला देत. "लिखेल शे ना, मंग खरं शे," लिहिलेलं आहे म्हणजे खरंच आहे, हे त्यांचं अहिराणीतलं ठरलेलं वाक्य. माझं अक्षर चांगलं होतं. ज्या मास्तरांनी ते घोटून घेतलं, त्यांचे उपकार मी आजही मानतो. त्या अक्षरावरच मला नोकरी मिळाली. त्याच अक्षराने मी पुढे काय केलं, ते सांगायला हा लेख आहे.

आमच्याकडे येणाऱ्या अपघातांत एक प्रकार डोकेदुखीचा असे. कारवाल्याला कोणीतरी धडक दिलेली, आणि धडक देणाऱ्याच्या गाडीचा विमाच नाही. खेड्यापाड्यांत नवी गाडी घेताना जो विमा निघतो, तो संपला की पुन्हा काढायचा असतो, हेच कित्येकांना ठाऊक नसतं. अशा वेळी कारवाल्यापुढे तीन वाटा असतात. एक, आपल्याच विमा कंपनीकडून खर्च घ्यायचा. पण मग वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते. दोन, तक्रार करून कोर्टात जायचं. त्यात चपला झिजतात. आणि तीन, समोरच्याला वर्कशॉपमध्ये बोलावून त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. ही तिसरी वाट माझ्या टेबलावरून जाई.

माझी पद्धत ठरलेली होती. समोरच्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, चहा मागवायचा. आवाज चढवायचा नाही. मग एस्टिमेट हातात घेऊन सावकाश मोठ्याने वाचायचं. दरवाजा, रंगकाम, मजुरी. प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबायचं. त्या थांबण्यात सगळं होतं. माणूस मनात बेरीज करू लागतो आणि त्याचा चेहरा उतरत जातो. शेवटी आकडा वाचायचा आणि कागद त्याच्याकडे फिरवायचा. पोलीस नाहीत, शिवीगाळ नाही, माणूस मुकाट्याने पैसे मोजतो. "महाजन साहेबांनी वाचलं, की समोरचा कबूल," असं आमचे मॅनेजर म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

जळगावला असताना एकदा तर वरातीतल्या घोडीने एका कारचा दिवा लाथेने फोडला. कारवाला घोडीवाल्याची कॉलर धरून त्याला वर्कशॉपमध्ये घेऊन आला. मागोमाग नवरदेवाचा बाप आणि बँडचा मास्तरही आला. मी सवयीने विचारलं, "विमा आहे का?"

घोडीवाला म्हणाला, "साहेब, माझाच नाही, तं घोडीचा कुठून राहीन?"

"मग भरपाई तुम्हाला द्यावी लागेल."

"मी कशाला? या मास्तरनं तिच्या कानात पिपाणी वाजवली. ती नाचणारी घोडी आहे, भजनी नाही!"

मास्तर म्हणाला, वाजवायला नवरदेवाच्या मामाने सांगितलं. नवरदेवाचा बाप म्हणाला, मामा आमच्याकडचा नाही, तो मुलाच्या आईकडचा. शेवटी मी एस्टिमेट वाचलं आणि तिघांत तीन वाटे केले. जाताना घोडीवाला मला पेढा देऊन गेला. ही गोष्ट मी पुढे प्रत्येक लग्नात सांगितली. सोनगीरच्या नानांची मात्र कुठेच सांगितली नाही.

नाना सोनगीरचे तांबट. तांब्या-पितळेचे हंडे, कळशा, घंगाळी घडवणारे. वय तेव्हा पासष्टीच्या आसपास. स्वतः घडवलेली भांडी तीनचाकी मालरिक्षात घालून ते आठवडे बाजारांना जात. ती रिक्षा त्यांनी तिसऱ्या हाताने घेतलेली, विमा कधीचाच संपलेला. सोनगीर फाट्यावर ते महामार्गावरून गावाकडे वळत असताना धुळ्याच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांची पांढरी कार शेजारून पुढे निघायला गेली. रिक्षाच्या कडेला बांधलेल्या हंड्याचा काठ कारच्या मागच्या दरवाजात रुतला आणि हातभर फरफटला. चूक कोणाची, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोघांची असावी. पण ज्याचा विमा नाही त्याची चूक, असा रस्त्यावरचा कायदा आहे. सरांनी रिक्षाची चावी आणि कागदपत्रं काढून घेतली आणि दोन्ही गाड्या आमच्या आवारात आल्या.

मला प्राचार्य या शब्दाचाच धाक होता. कॉलेजात शिकवणारा माणूस समोर आला की मी आपोआप उठून उभा राहायचो. अजूनही राहतो. सर केबिनमध्ये बसले. नाना मात्र खुर्चीवर बसलेच नाहीत. ते सरळ कारकडे गेले आणि दरवाजावर तळहात ठेवून उभे राहिले. मग बोटांनी खळगा चाचपत म्हणाले, "साहेब, हाऊ पत्रा मरेल नई. निस्ता दबेल शे. माले दोन तास द्या, मन्ही हातोडी मी लई येस. तुमले हात लाईसन बी समजाव नई." पत्रा फक्त दबलाय, हात लावूनही कळणार नाही असा सरळ करून देतो, असं त्यांचं म्हणणं.

मी हसलो. म्हटलं, "नाना, ही कंपनीची गाडी आहे, घंगाळ नाही."

आमचे डेंटर युसुफभाई तिथेच होते. पत्रा ठोकून सरळ करण्यात त्यांचा हात धरणारा धुळ्यात कोणी नव्हता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहब, इस आदमी को पत्रा समझता है. मैं खडा रहता हूँ बाजू में. करने दो. दो घंटे की तो बात है."

"बाहेरच्या माणसाला हात लावू देता येत नाही, युसुफभाई. नियम आहे."

नियम होताच. पण मी नाही म्हटलं ते तेवढ्यासाठी नव्हे. आत सर बसले होते, आणि एका तांबटाने त्यांची गाडी ठोकलेली त्यांना चालणार नाही, हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मी एस्टिमेट लिहिलं. दरवाजा नवीन. रंगकाम. मजुरी. नानांना खुर्चीवर बसवलं आणि माझ्या पद्धतीने वाचलं. प्रत्येक ओळीनंतर थांबलो. नाना माझ्या तोंडाकडे नाही, कागदाकडे बघत होते. आकडा ऐकून म्हणाले, "इतलामा त मना पत्रा येस. लगीनसराईना."

म्हणजे त्या पैशांत त्यांचा हंगामाचा सगळा तांब्याचा पत्रा आला असता. शिरपूरकडच्या एका लग्नाच्या भांड्यांचं काम त्यांनी घेतलं होतं, ती चार दिवसांत पोचवायची होती, आणि रिक्षा आमच्या आवारात अडकली होती. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी घासाघीस केली नाही. वेळ माझ्या बाजूने होता.

दुसऱ्या दिवशी ते पैसे घेऊन आले. पिशवीतून काढले, माझ्यासमोर ठेवले आणि एकच मागणी केली. "नया दरवाजाना पैसा मी देस. पन मंग जुना दरवाजा मना. तसं लिखी द्या."

मागणी रास्त होती. जो नव्याचे पैसे देतो, जुनं त्याचं. मी एस्टिमेटच्या खाली माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'काढलेला जुना दरवाजा पैसे देणाऱ्यास परत देणे.' खाली सही केली. नानांनी कागदाची चार पदरी घडी घालून तो टोपीच्या आत ठेवला आणि रिक्षा घेऊन गेले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "महाजन, मी काय म्हणतो, तो दरवाजा युसुफकडून ठोकून नाही का होणार? नवा कशाला? कंपनीचा मूळ दरवाजा तो मूळच. उरलेल्या पैशांत मागचा बंपर करून टाका, आणि सीटची कव्हरं पण बघा. तो देतोच आहे तर."

तो देतोच आहे तर. आमच्या धंद्यात हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. विमा नसलेल्या माणसाकडून नव्या भागाचे पैसे घ्यायचे, जुना भाग ठोकून बसवायचा आणि उरलेल्या पैशांत गाडीची दुसरी दुखणी बरी करायची, ही रीतच होती. तिला आम्ही 'समायोजन' म्हणायचो. चांगला शब्द आहे. त्यातला एक रुपयाही माझ्या खिशात गेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. अनेक वर्षं मी स्वतःला तेवढंच सांगत आलो. चोरी केली नाही, फक्त लिहून दिली.

मी सरांना "हो सर" म्हटलं. नवा दरवाजा मागवलाच नाही. युसुफभाईंनी आतून ठोकून, वरून पुट्टी भरून दरवाजा सरळ केला. वर रंग चढला. बंपर झाला, कव्हरं झाली. या सगळ्यात कागदाखालची माझी ओळ मी साफ विसरलो.

आठवड्याने सर गाडी न्यायला आले आणि त्याच वेळी फाटकातून नानांची रिक्षा आत आली. लग्नाची भांडी पोचवून ते परस्पर आले होते. "साहेब, दरवाजा," म्हणाले आणि टोपीतून कागद काढला.

तेव्हा मला माझी ओळ आठवली. मी म्हटलं, "बसा नाना, आणतो." मागे भंगाराच्या ढिगाकडे गेलो. त्याच कंपनीच्या तशाच पांढऱ्या गाडीचा, मागचाच, चेपलेला एक दरवाजा तिथे पडला होता. कोणत्या गाडीचा, कोणाचा, हे बघायलासुद्धा मी थांबलो नाही. मजुराच्या डोक्यावर तो देऊन पुढे आणला.

नानांनी तो जमिनीवर उभा केला आणि खळग्यावरून तळहात फिरवला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग त्यांनी मान वर करून आवारात उभ्या असलेल्या सरांच्या गाडीकडे पाहिलं. उठले, तिच्या दरवाजावर बोटाच्या पेराने दोनदा टिचकी मारली. पुट्टी भरलेला पत्रा बद्द आवाज देतो. कान तयार नसलेल्या माणसाला तो कळत नाही. ज्याने चाळीस वर्षं हंडे वाजवून विकले, त्याला कळणार नाही असं होईल का?

ते परत आले. हळू आवाजात, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये अशा, त्यांनी विचारलं, "साहेब, हाऊच शे का?"

"हाच, नाना."

"कागदवर जो लिखेल शे, तोच?"

"हो. तोच."

केबिनच्या काचेआड सर चहा पीत होते. नानांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते इतकंच म्हणाले, "तुमीन शिकेल मानसं. तुमीन सांगतस ते खरं." आणि दरवाजा रिक्षात आडवा घालून, दोरीने बांधून निघून गेले.

युसुफभाई लांबून बघत होते. त्या दिवशी त्यांनी माझ्याबरोबर डबा खाल्ला नाही.

लग्नसराई संपली. उन्हं उतरली. एका सकाळी मी टेबलाशी बसलो होतो, आणि नाना दारात. बरोबर गोणपाटात गुंडाळलेला तोच दरवाजा. त्यांनी गोणपाट काढलं आणि युसुफभाई हातातलं काम टाकून धावत आले.

दरवाजावर खळगा नव्हता. पुट्टी नव्हती. रंग खरवडून काढलेला, पत्रा उघडा, आणि त्या उघड्या पत्र्यावर हातोडीचे बारीक, एकसारखे ठसे, हंड्यावर असतात तसे, ओळीने. युसुफभाईंनी डोळे मिटून त्यावरून हात फिरवला. "या अल्ला," इतकंच म्हणाले.

मी विचारलं, "नाना, हे काय?"

"हाऊ दुसराना दरवाजा शे," नाना म्हणाले. "मना हंडाना काठनी खून गोल ऱ्हास. हाई खून उभी होती, खांबनी. ते माले तवयच समजनं. मंग घर जाईसन आतनी बाजू पाही, त नंबर लिखेल. दुसरी गाडीना." हंड्याच्या काठाची खूण गोल पडते आणि ही खांबाची उभी होती, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. त्यांनी दरवाजा उलटा केला. आतल्या बाजूला पिवळ्या रंगात एका गाडीचा नंबर होता. काढलेल्या प्रत्येक भागावर गाडीचा नंबर घालायचा, ही आमच्याच वर्कशॉपची शिस्त. ती मीच लावलेली. आणि तो नंबरही माझ्याच अक्षरात.

"जेना शे, तेले दी टाका. दुसरानी वस्तू मी कशी ठेवू?"

"पण नाना, हा ठोकला कशाला? तसाच परत आणायचा."

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "आमना दुकानमा उनेल भांडं चेपेल परत जास नई," म्हणाले. दुकानात आलेलं भांडं चेपलेलं परत जात नाही. "मना बापनी रीत शे."

मी उठून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या न शिकलेल्या माणसासमोर आपोआप उभा राहिलो. म्हटलं, "नाना, तुमचे पैसे... मी सरांशी बोलतो. मी बघतो काहीतरी."

त्यांनी हाताने मला थांबवलं. मग टोपी काढली आणि तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. घडीवर घामाचे डाग पडले होते.

"हाऊ कागद बी तुमीनच ठेवा, भाऊ," ते म्हणाले. त्या दिवसापर्यंत मी साहेब होतो. "मन्ही नात आते वाचाले शिकनी. घरमा जो कागद सापडस, तो वाचत बसस. हाऊ नको तिना हातमा."

आणि ते गेले. चहासुद्धा घेतला नाही.

सरांशी मी बोललो नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय सांगणार होतो? खोटं त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांनी फक्त सुचवलं होतं, लिहिणारा मी. समायोजन मी पुढेही पूर्ण थांबवलं नाही, हेही सांगून टाकतो. मॅनेजर म्हणत, लिहा, आणि मी लिहीत असे. फक्त वाचून दाखवायचं बंद केलं. कागद समोरच्याकडे सरकवायचो आणि खिडकीबाहेर बघायचो. मॅनेजर म्हणाले, "महाजनांचा हात उतरला." मी ऐकून घेतलं.

तो दरवाजा युसुफभाईंनी कोणालाच दिला नाही. आपल्या कामाच्या जागी भिंतीवर दोन खिळे ठोकून टांगला. नवा कारागीर आला की त्याला आधी त्याच्यावरून हात फिरवायला लावत. कोणी विचारलं, हा कोणत्या गाडीचा, तर म्हणत, "नाना का दरवाजा है." म्हणताना माझ्याकडे बघत नसत. बघितलं असतं तर बरं झालं असतं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी रोज त्याच्यासमोरून गेलो.

निवृत्तीनंतर मी तेवढी रक्कम एका पाकिटात घातली आणि सोनगीरला गेलो. तांबटांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. आतून ठोकण्याचा आवाज येत होता, एका लयीत, न चुकता. मी बराच वेळ तिथे उभा होतो आणि मग पुढच्या एसटीने परत आलो. पैसे देताना माणूस मान खाली घालून का होईना, थोडा मोठा होतो. माझा चांगुलपणा मला मिरवायचा होता की काय, अशी शंका आली. आधी खरं काय घडलं ते सांगायला हवं होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

मला लिहिताच येतं. म्हणून लिहिलं.

नानांचा तो कागद माझ्या कपाटात आहे, पाकिटाशेजारी. अक्षर अजून सुरेख दिसतं. वडील असते तर त्यांनी तो देवाच्या फळीवर ठेवला असता.

नानांची नात आता सातवी-आठवीत असेल. हा अंक खानदेशात घरोघरी जातो. सोनगीरला तिच्या हाती पडला, तर तिने हे पान नानांना मोठ्याने वाचून दाखवावं. मी एस्टिमेट वाचताना ओळीओळीला थांबायचो, तसं थांबू नये. शेवटपर्यंत एका दमात वाचावं. मग हा कागद घरात ठेवण्याजोगा आहे की नाही, ते नाना सांगतील. त्यांनी हो म्हटलं, तर मी पाकीट घेऊन गल्लीत येईन.